जुन्या व्हॅनचा एक्सल आणि सोबतचे गाठोडे

आपल्या वस्त्यांमधून आज मोटारी उभ्या दिसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यातल्या बऱ्याचशा मोटारी नव्या नसतात. एका मालकाने आठ-दहा वर्षे वापरलेली, दुसऱ्याने शाळेच्या मुलांच्या फेऱ्या मारून दमवलेली मारुती व्हॅन तिसऱ्या हाताने आपल्याकडे येते. मग तिला रंग दिला जातो, सीटला नवे रेक्झिन चढते, मागच्या काचेवर मुलांची नावे लिहिली जातात. गाडी घेताना इंजिनाची चौकशी सगळेच करतात. "ॲव्हरेज किती देते?" हा तर पहिला प्रश्न. पण मागच्या दोन चाकांना जोडणारा आणि अख्ख्या कुटुंबाचा भार वाहणारा जो एक्सल, त्याच्याकडे गुडघे टेकून, वाकून पाहणारा गिऱ्हाईक आम्हाला आजवर क्वचितच भेटला.

ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली. १९८८ साली तिचे 'ओम्नी' असे नामकरण झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर धावणारी प्रत्येक ओम्नी जुनी आहे. तरीही आपल्या लोकांचा तिच्यावर जीव आहे. गाडी साधी, सरकत्या दाराची, भाजीचे क्रेट घाला की लग्नाचा आहेर घाला, सगळे पोटात घेणारी. गल्लीबोळातला कोणताही मेकॅनिक तिला हात घालू शकतो. उन्हाळ्यात गावाकडे लग्न निघाले की रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, खासगी बसचे भाडे सणासुदीला परवडत नाही. अशा वेळी दोन-तीन कुटुंबे मिळून व्हॅन काढतात. येथपर्यंत ठीक. परंतु रोज पाच किलोमीटरची फेरी मारणारी गाडी एकदम चारशे-पाचशे किलोमीटरला निघते तेव्हा तिचा कस लागतो तो मागच्या एक्सलवर. त्याची निगा कशी राखावी आणि लांबच्या वाटेवर सोबत कोणते सुटे भाग असावेत, याविषयी चार गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत. आमचा पेशा कारकुनाचा, मेकॅनिकचा नव्हे. परंतु आमच्या वस्तीत चार कुटुंबांनी मिळून एक व्हॅन घेतली आहे, तिचा हिशेब आमच्याकडे असतो, आणि एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक अण्णा आमच्या शेजारी राहतात. पुढे जे लिहिले आहे त्यातले निम्मे शहाणपण अण्णांचे आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. ओम्नीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, पण गाडी ढकलतात ती मागची चाके. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब नळीसारख्या शाफ्टने मागे जाते. याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना जे सांधे असतात त्यांना मेकॅनिक नुसते 'क्रॉस' म्हणतात. मागे डिफरन्शियलचा गोल डबा असतो. त्यातल्या दात्यांमधून ताकद डावी-उजवीकडे वाटली जाते आणि दोन हाफ शाफ्ट ती चाकांपर्यंत पोचवतात. ज्यांच्याकडे मारुती ८००, अल्टो, वॅगन आर अशा गाड्या आहेत त्यांची पुढची चाके गाडी ओढतात. तेथे रबरी बूट फाटला आणि आतले ग्रीस उडाले की पूर्ण वळणावर 'टक टक टक' असा आवाज येतो. जुन्या लोकांना आठवत असेल, बजाज टेम्पोची मॅटडोरसुद्धा पुढच्या चाकांनीच ओढणारी होती. ओम्नीचा प्रकार निराळा.

आता महत्त्वाची गोष्ट. ट्रकमध्ये आणि एसटीत चाकाचा भार वेगळ्या हबवर असतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. व्हॅनसारख्या लहान गाडीत तसे नाही. येथे हाफ शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचा भारही वाहतो. चाक थेट त्याच्या तोंडावर बसलेले असते. हा शाफ्ट एक्सलच्या नळीतून बाहेर सरकू नये म्हणून त्यावर बेअरिंग आणि त्यामागे एक लोखंडी कॉलर दाबून बसवलेली असते. बेअरिंग निकामी होऊन ती कॉलर सैल झाली, की शाफ्ट चाकासकट, ब्रेकच्या ड्रमसकट बाहेर सरकू लागतो. असे चाक घाटात निखळले तर काय होईल, ते सांगायला नको. बेअरिंग ही किरकोळ वस्तू दिसते, पण मागच्या सीटवर बसलेल्या पोराबाळांचे प्राण तिच्यावर असतात.

मागच्या सीटवरच्या माणसाला विचारा

ओम्नीचा ड्रायव्हर इंजिनावर बसलेला असतो. त्याच्या कानात इंजिनाचीच घरघर. एक्सलचा आवाज त्याला ऐकू येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो आधी ऐकू येतो मागच्या सीटवर बसणाऱ्याला, आणि आपल्याकडे मागच्या सीटवर बहुधा आत्या, मावशी, आजी आणि मुले असतात. "मागून काहीतरी गुणगुणतंय रे पोरा," असे आत्या म्हणाली की ड्रायव्हर हसतो आणि टेपचा आवाज वाढवतो. हे बरोबर नाही. बिघडत चाललेले बेअरिंग पहिल्यांदा असेच गुणगुणते, दूरवर पिठाची गिरणी चालावी तसे. वेग वाढला की आवाज वाढतो. सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीस-पन्नासच्या वेगात क्लच दाबून पाहावा, इंजिन मात्र बंद करू नये. इंजिनाचा आवाज खाली आला आणि गुणगुण तशीच राहिली, तर दोष चाकांकडे आहे. रस्ता डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचे बेअरिंग संशयास्पद, आणि उजव्या वळणावर वाढला तर डावीकडचे.

दुसरी परीक्षा हाताची. वीस-तीस किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि हाताची पाठ दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यभागाजवळ न्यावी. थेट पकडू नये, भाजेल. एक चाक कोमट आणि दुसरे चटका देणारे असेल तर तेथे काहीतरी घासते आहे. ते बेअरिंगही असेल किंवा अडकलेला ब्रेकही. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवले की फरक कळतो. ब्रेक धरत असेल तर चाक जड फिरते, बेअरिंग गेले असेल तर खरखरत फिरते. मग चाकाला वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवावे. 'खट खट' वाजले तर गाडी प्रवासाला न्यायची नाही, मग लग्न कोणाचेही असो.

तिसरी परीक्षा नाकाची म्हणा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला तर बोटाने घेऊन वास घ्यावा. एक्सलचे गिअर ऑइल जाड असते आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. ब्रेक ऑइल पातळ असते. गिअर ऑइल असेल तर शाफ्टचे ऑइल सील गळते आहे, आणि ते तेल ब्रेकच्या लायनरवर जाते आहे. अशा गाडीचा ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला खेचते. काही ठिकाणी तेल पडलेले लायनर पेट्रोलने धुऊन, कानस मारून पुन्हा बसवतात. तेल पोटात घेतलेला लायनर गरम झाला की ते परत बाहेर सोडतो. सील बदलले की लायनरही बदलावेत. यात काटकसर नको.

सीलवरून आठवले. आमच्या व्हॅनचे डाव्या बाजूचे सील वर्षभरात तीन वेळा गेले. एका गॅरेजवाल्याने दर खेपेला नवे सील घातले, मजुरी घेतली आणि "माल डुप्लिकेट येतो हो हल्ली" असे सांगून मोकळा झाला. शेवटी अण्णांनी गाडीखाली सतरंजी टाकली. एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतले तेल तापले की हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर पडते. आमच्या गाडीचा ब्रीदर चिखलाने पार लिंपून गेला होता. "साहेब, सील काय करील बिचारं? हवेला वाटच नाही, मग ती तेलाला पुढं घालून सीलमधून बाहेर पडते," अण्णा म्हणाले. तार घालून, रॉकेलने धुऊन ब्रीदर मोकळा केला, चौथे सील घातले. ते अजून टिकून आहे. तीन वेळची मजुरी आमच्या वहीत लिहिलेली आहे. ब्रीदर साफ करण्याचा खर्च मात्र शून्य.

पावसाळ्यात याच ब्रीदरमधून उलटा प्रकार घडतो. चालून तापलेला एक्सल साचलेल्या पाण्यात गेला की एकदम थंड पडतो, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबई-ठाण्यातल्या वाहनवाल्यांच्या लक्षात आहे. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे इंजिन लोकांनी उघडून घेतले, पण एक्सलचे तेल कितीकांनी बदलले? पाणी मिसळलेले तेल दुधाळ होते, चहाच्या रंगाचे दिसते. त्याने दात्यांना आणि बेअरिंगला गंज चढतो आणि सहा महिन्यांनी आवाज सुरू होतो. गाडी चाकाच्या निम्म्यापर्यंत पाण्यात गेली असेल तर तेल तपासलेच पाहिजे.

तेल बदलण्याचे काम अवघड नाही. मात्र एक क्रम पाळावा. आधी वरचा, म्हणजे तेल भरण्याचा नट उघडून पाहावा, मगच खालचा. कित्येक जण खालचा नट उघडून तेल सांडून देतात आणि मग वरचा नट गंजून बसलेला, हलेना. गाडी तेथेच उभी. खालच्या नटावर लोखंडाची बारीक काळी पेस्ट चिकटलेली असली तर घाबरू नये, ती झीज स्वाभाविक आहे. परंतु नखाएवढे तुकडे किंवा दात्याचा कपचा निघाला तर डिफरन्शियल उघडावे लागेल. तेल 'हायपॉइड' प्रकारचे, डब्यावर '८०डब्ल्यू-९०' आणि 'जीएल-५' असे छापलेले घ्यावे, किंवा गाडीच्या पुस्तकात जे सांगितले असेल ते. सपाट जागी गाडी उभी करून वरच्या भोकाच्या काठापर्यंत भरावे. जास्त भरल्याने फायदा नाही, ते सीलवर दाब देते. आम्ही दर २० हजार किलोमीटरला बदलतो.

नऊ माणसे आणि एक गणित

आता थोडे कडू बोलणे भाग आहे. पाच किंवा आठ माणसांसाठी नोंदवलेल्या व्हॅनमध्ये आपण किती माणसे कोंबतो? वर कॅरिअरवर तांदळाचे पोते, ट्रंक, पाण्याचा पिंप. काहींनी मागे सीएनजीची टाकी बसवलेली असते, तिचे वजन तर बारा महिने एक्सलवरच. "गाडी ओढते की," असे लोक म्हणतात. गाडी ओढते, पण हिशेब बेअरिंगच्या खात्यात मांडला जातो. आम्ही वाणिज्य शाखेचे, आकड्यांशी आमची सलगी. बॉल बेअरिंगच्या आयुष्याचे एक गणित इंजिनिअर लोक वापरतात. भार जितक्या पटीने वाढतो, त्याच्या घनाच्या प्रमाणात आयुष्य घटते. म्हणजे बेअरिंगवरचा भार सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, आणि भार दुप्पट झाला तर आठव्या हिश्श्यावर. दोन माणसे जादा घेऊन वाचवलेले बसभाडे अशा रीतीने बेअरिंगवाला घेऊन जातो. सावकारी व्याजसुद्धा इतके चढत नाही!

तरुण मुलांना आणखी एक विनंती. चाके बाहेर काढून, रुंद टायर घालून गाडी 'भारी' दिसते खरी. पण चाक जितके बाहेर जाते तितका बेअरिंगवर तरफेसारखा ताण येतो. जुन्या एक्सलला हा शृंगार सोसत नाही.

एक्सलबरोबर पाटेही पाहावेत. मागचा एक्सल पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला असतो आणि मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. यू-बोल्ट सैल पडले की सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल जागचा सरकतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालल्यासारखी दिसते. पाट्याचे एखादे पान तडकलेले असेल तर गाडी एका बाजूला झुकते. क्लच सोडताना 'खटॅक' असा आवाज आला तर क्रॉस ढिला असू शकतो. चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून गाडीखाली प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून पाहावा, सांध्यात खेळ असेल तर लगेच कळतो.

सोबतचे गाठोडे

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका कुटुंबाची व्हॅन नगर जिल्ह्यात एका गावाजवळ बंद पडली. मागचे बेअरिंग गेले होते. दोनच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये ते नवे बसवलेले होते. नंतर उघडल्यावर दिसले की ते हातोड्याने ठोकून बसवले होते, आणि तेही बाहेरच्या कड्यावर ठोकून. शाफ्टवर घट्ट बसणारे बेअरिंग आतल्या कड्यावर दाब देऊन, प्रेस मशीननेच बसवायचे असते. बाहेरच्या कड्यावर घाव घातला की आतल्या गोळ्यांचे ठसे कड्यावर उमटतात आणि नवे बेअरिंग पेटीतून निघाल्या दिवशीच म्हातारे होते. त्या दिवशी रविवार. तालुक्याच्या गावी दुकाने बंद, सोमवारी बेअरिंग मिळाले पण प्रेस मशीन मिळेना. बाया-मुले देवळाच्या ओसरीवर दोन रात्री राहिली. दोन कमावत्या माणसांचे दोन दिवस खाडे पडले. टोइंगचे, खाण्याचे, फोनचे वेगळे.

यातून अण्णांनी एक नियम काढला आणि तो आम्हाला पटला. रस्त्यावर जो भाग फक्त जॅक आणि पान्यांनी बसवता येतो, तोच सोबत घ्यावा. नुसते बेअरिंग सोबत नेऊन उपयोग नाही, कारण ते बसवायला प्रेस लागते. त्याऐवजी जुना पण सरळ असा हाफ शाफ्ट घ्यायचा, त्यावर नवे बेअरिंग आणि नवी कॉलर घरीच, आपल्यासमोर प्रेसवर बसवून घ्यायची आणि तो तयार शाफ्ट गाडीत ठेवायचा. एकदा काढलेली कॉलर पुन्हा वापरायची नाही, ती पकड धरत नाही.

असा शाफ्ट भंगारात निघालेल्या गाड्यांचा मिळतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसचा भाग, पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची ठिकाणे वाचकांना ठाऊक असतीलच. जुना शाफ्ट घेताना घाई करू नये. डाव्या-उजव्या शाफ्टची लांबी सारखी असेल असे गृहीत धरू नका, अनेक गाड्यांत ती वेगळी असते. दोरीने माप घेऊनच बाजारात जावे. टोकाच्या खाचा सरळ रेषेत आहेत ना, पिळलेल्या नाहीत ना, ते पाहावे. सील जेथे बसते तेथे बोटाला खड्डा लागता कामा नये. सपाट फरशीवर लोळवून पाहावा, वाकलेला असेल तर गचके खातो. बेअरिंग मात्र नवेच, बंद पेटीतले, बिल देणाऱ्या दुकानातून घ्यावे. बेअरिंगमध्ये नकली माल फार आहे.

शाफ्टखेरीज गाठोड्यात दोन ऑइल सील, एक लिटर गिअर ऑइल, चाकाचे चार-पाच नट आणि दोन स्टड, एक क्रॉस त्याच्या लॉकसकट, यू-बोल्टची एक जोडी, सेंटर बोल्ट, मागच्या लायनरचा संच आणि ब्रेक ऑइलची छोटी बाटली. हत्यारांत बाटलीचा जॅक, जॅकखाली घालायला लाकडाची जाड फळी, चाकपाना आणि त्याला जोर द्यायला हातभर पाइप, रिंग पाने, हातोडा, छिन्नी, डोक्याला बांधायची बॅटरी, जुनी चादर. क्राऊन-पिनियन, गिअरबॉक्सचे सामान असले ओझे कोणी नेऊ नये. ते रस्त्यावर बसत नाही आणि उगाच एक्सलवरच भार होतो. शाफ्ट गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटखाली दोरीने पक्का बांधावा. सुटा लोखंडी शाफ्ट जोराच्या ब्रेकला माणसाच्या पायावर जातो.

मे २०२३ मध्ये या गाठोड्याची परीक्षा झाली. वस्तीतली काही मंडळी मुलीच्या लग्नासाठी कल्याणहून मुरबाड-माळशेज मार्गे निघाली होती. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मुलीची आई याच गाडीत. मुरबाड मागे पडल्यावर मागे बसलेल्या आत्यांनी गुणगुण सांगितली. या वेळी कोणी हसले नाही. टोकावड्याला, घाट चढण्यापूर्वी, चहाच्या टपरीसमोर गाडी बाजूला घेतली. डावे मागचे चाक चटका देत होते आणि हलवले की खेळ दाखवत होते. अण्णा सोबत होतेच. त्यांनी प्रथम सर्व माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर, झाडाखाली बसवले. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. काढलेले चाक आणि स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवली, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकावी म्हणून. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ते धाडस नव्हे.

ड्रम निघाला. ब्रेकच्या मागची प्लेट धरणारे नट सोडले. शाफ्ट मात्र जागचा हलेना. मग अण्णांनी काढलेले चाकच उलटे करून शाफ्टच्या तोंडावर नटांनी ढिले अडकवले आणि दोन्ही हातांनी बाहेरच्या बाजूला हिसके दिले. चाकाचे वजनच हातोड्याचे काम करते. चार-पाच हिसक्यांत शाफ्ट बाहेर. कॉलर जागची सरकू लागली होती. जुने सील काढून, जागा पुसून, नव्या सीलच्या ओठाला तेल लावून बसवले. नवा शाफ्ट आत सरकवताना त्याच्या खाचांनी सीलचा ओठ फाटू नये म्हणून तो सरळ, दोन माणसांनी धरून आत घातला. बाहेर पडलेल्या तेलाइतके तेल वरून भरले. ब्रेकचा पाइप सोडावा लागला नव्हता. तो सुटला असता तर ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी हलवता आली नसती. अडीच तास लागले. मुलीची आई तोवर टपरीवाल्या बाईंबरोबर कांदे चिरत बसली होती, हाताला काम असले की बरे, असे म्हणत. दहा किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळले, हाताची पाठ लावून पाहिली, आणि मग माळशेज चढले. हळदीला उशीर झाला, लग्नाला नाही.

समृद्धी महामार्गाविषयी दोन शब्द. नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. विदर्भ-मराठवाड्याकडे जाणाऱ्या आपल्या लोकांची त्याने मोठी सोय झाली. पण जुन्या रस्त्याला दर पाच-दहा मैलांवर गॅरेज, पंक्चरवाला, धाबा होता. हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे, उतरायचे तर इंटरचेंजलाच. शिवाय तेथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे म्हणून पंधरा वर्षांची व्हॅन त्या वेगाला नेऊ नये. तासन् तास एकाच वेगात एक्सलला विसावा मिळत नाही, तेल तापलेलेच राहते. आम्ही साठ-सत्तरने चालवतो आणि दर शंभर किलोमीटरला विश्रांतीच्या जागी थांबून चारही चाकांना हात लावून पाहतो. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा क्रमांक आहे, अपघातात १०८ आणि ११२. हे तिन्ही आकडे आमच्या व्हॅनच्या दारावर आतून रंगवून घेतले आहेत.

एक गोष्ट कायद्याची. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने फिरवता येत नाही. डिझेल-पेट्रोलचा खर्च घरच्या लोकांनी वाटून घेणे वेगळे आणि परक्यांकडून माणशी भाडे घेणे वेगळे. अपघात झाला तर विमा कंपनी नेमके हेच विचारते. तसेच १५ वर्षांनंतर मोटारीची नोंदणी नव्याने करावी लागते, आणि त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे. जुनी गाडी घेताना ही रक्कम किमतीत धरावी, पुस्तकावरची तारीख वाचूनच सौदा करावा.

राहिली वही. आमच्या व्हॅनची एक शंभर पानी वही आहे. डावीकडे तारीख आणि किलोमीटर, मध्ये काय केले, उजवीकडे खर्च. कोणत्या बाजूचे बेअरिंग कधी घातले, तेल कधी बदलले, ब्रीदर कधी साफ केला, सारे त्यात आहे. शेवटच्या पानावर गाठोड्यातल्या वस्तूंची यादी आणि ज्याने गाठोडे नेले त्याची सही. चारही घरे महिन्याला ठरावीक वर्गणी काढतात, ती सुट्या भागांसाठीच, पेट्रोलसाठी नाही. टोकावड्याला काढलेल्या शाफ्टवर अण्णांनी प्रेसवाल्याकडून नवे बेअरिंग आणि कॉलर बसवून घेतली आणि तो पुन्हा गाठोड्यात आला. गेल्या दिवाळीत पलीकडच्या चाळीतल्या व्हॅनवाल्यांनी तो वाशीमला जाण्यासाठी मागून नेला. वापरावा लागला नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी परत आणून दिला आणि वहीत सही केली.